पाणी माझं म्हणता, तर पाळही माझी म्हणा



पांढरकवडा म्हणजे केळापूर तालुक्याचं मुख्य ठिकाण. राष्ट्रीय महामार्ग ४४ इथूनच जातो आणि बाजूलाच टिपेश्वर अभयारण्य आहे. वाघ बघायला येणारा पाहुणा रात्री कुठे राहील, काय खाईल, संध्याकाळी काय करेल, यावर विचार करणारे तरुण आता गावोगाव आहेत. त्यामुळे एक प्रश्न मला सारखा येतो. "सर, आपल्या वावरातून नाला जातो. त्यावर पाळ टाकली तर मस्त तलाव होईल. दोन बोटी, चार तंबू, चुलीवरचं जेवण. कसं वाटतं मॉडेल?"

मॉडेल चांगलं आहे. उत्पन्न-खर्चाचं गणित व्हिडिओत सांगून झालंय. पण एक मुद्दा त्यात बसत नव्हता, म्हणून तो इथे सविस्तर लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या तलावाची पाळ कोणाची आहे, हे ज्याला एका वाक्यात आणि कागदावर सांगता येत नाही, त्याने तलाव करू नये. बोट कुठली घ्यायची, लायटिंग कसं करायचं, हे सगळं त्याच्या नंतर.

आधी पाण्याचं वजन समजून घ्या

"छोटंसं तळं आहे सर, काय होणार?" हे वाक्य मी फार ऐकतो. चला, हिशोब करू.

समजा पाण्याचा पसारा एक एकर आहे आणि सरासरी खोली दोन मीटर. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. म्हणजे पाणी झालं ८,००० घनमीटर, ८० लाख लिटर. दहा हजार लिटरचे ८०० टँकर! वजन ८,००० टन. हे सगळं मातीच्या एका भिंतीला टेकून उभं आहे, आणि ती भिंत तुम्ही जेसीबीवाल्याकडून आठ दिवसांत टाकून घेतली आहे.

आता पाऊस बघा. तुमच्या नाल्याला वरून १०० एकराचं पाणी येतं असं धरा. हे काही मोठं पाणलोट नाही. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून आलं, तरी तासाला १२,००० घनमीटर पाणी येतं. तुमचा रिकामा तलाव तेवढ्या एका तासात दीड वेळा भरेल. तो आधीच भरलेला असेल, तर सेकंदाला ३,३०० लिटर पाणी बाहेर जायला वाट पाहिजे. पुष्कळ ठिकाणी सांडवा म्हणून काय ठेवतात? दोन फुटी सिमेंटचा पाईप. त्यातून यातलं पाव पाणीही धड जाणार नाही. उरलेलं पाणी पाळीवरून जाईल. आणि मातीच्या पाळीवरून पाणी जायला लागलं की ती कापत जाते, तिथे मग माणसाच्या हातात काही राहत नाही.

असा पाऊस आपल्याकडे होत नाही असं कोणी म्हणू नका. २२ जुलै २०२३ आठवा. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली होती.

खोदलेलं तळं आणि अडवलेलं तळं

हा फरक नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे.

जमिनीच्या पातळीखाली खोदून केलेलं शेततळं फुटून खाली वाहत जात नाही. त्यात बुडण्याचा धोका आहे, त्यासाठी कुंपण, दोर, लाइफ जॅकेट पाहिजेच. पण त्याने खालचं गाव वाहून जात नाही. नाल्यावर आडवी पाळ टाकून, जमिनीच्या वर उचलून धरलेलं पाणी ही वेगळी गोष्ट आहे. त्याला तुम्ही प्रेमाने 'लेक व्ह्यू' म्हणा, ते धरणच आहे. मातीचं धरण.

नाला तुमचा नाहीच

सातबारा तुमच्या नावावर, वावर तुमचं, मग मधून जाणारा नाला कोणाचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० वाचा. नद्या, ओढे, नाले आणि त्यांचं पात्र, ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क सिद्ध झालेला नाही, ते सरकारच्या मालकीचं. सातबाऱ्यावर 'पोटखराबा (ब)' असं काही दिसतं का ते तपासा. नाला, रस्ता अशा सार्वजनिक उपयोगाची जागा बहुतेक तिथे दाखवलेली असते.

म्हणजे पाळीची दोन टोकं तुमच्या जमिनीवर आणि मधला भाग सरकारच्या जागेवर. शिवाय नाल्याच्या नैसर्गिक प्रवाहावर खालच्या शेतकऱ्याचाही हक्क असतो. भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे, तेव्हापासूनचं हे तत्त्व आहे. परवानगी न घेता पाळ टाकली, तर खालचा शेतकरी उद्या तहसीलदारांकडे अर्ज करू शकतो, आणि तो चुकीचा नसेल.

केळापूर तालुक्यात आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. इथली बरीच गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे लहान जलसाठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे दिलेलं आहे. ग्रामसभेत विषय न मांडता परस्पर नाला अडवणं कायद्यात बसत नाही आणि गावातही शोभत नाही. दुसरं, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकत किंवा लीजवर घेता येत नाही. "स्टँप पेपरवर लिहून घेतलंय सर" याला तिथे काही किंमत नाही.

अभयारण्याच्या जवळ जागा असेल तर वनविभागाकडे चौकशी करायचीच. आणि राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली तुमची नोंदणी झाली असेल, तर अभिनंदन. पण तो पर्यटन केंद्राचा दाखला आहे. तो पाळीच्या मजबुतीचा दाखला नाही.

मालक बदलत गेले, पाळ तीच राहिली

आता एक परदेशातला किस्सा सांगतो, कारण खाजगी मालकीचा, मौजमजेसाठीचा आणि मातीच्या धरणाचा तलाव म्हटला की जगात याच्याइतकं मोठं उदाहरण नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, सुमारे ७२ फूट उंच. बांधलं राज्य सरकारने, कालव्याला पाणी द्यायला. मग रेल्वे आली, कालव्याची गरज संपली, धरण रेल्वे कंपनीकडे गेलं. तिथून एका खाजगी माणसाकडे. त्याच्या काळात तळाशी असलेले पाणी सोडायचे लोखंडी पाईप काढून भंगारात गेले. मग ते आलं श्रीमंतांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबकडे. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक असे उद्योगपती त्याचे सदस्य होते. क्लबने घोडागाड्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा थोडा खाली घेतला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या. पाईप पुन्हा बसवलेच नाहीत.

३१ मे १८८९ ला जोरदार पाऊस झाला. जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, धरण फुटलं. खाली जॉन्सटाउन शहरात आणि आसपास २,२०९ माणसं मेली. क्लबकडून कोर्टातून कोणालाही भरपाई मिळाली नाही.

यातला धंद्याचा धडा बघा. प्रत्येक मालकाने तलाव घेतला तो पाण्यासाठी. पाळीची जबाबदारी मागच्याने पुढच्याला दिली नाही आणि पुढच्याने ती मागितली नाही. आणि शेवटच्या मालकाने जे बदल केले ते सगळे ग्राहकाच्या सोयीसाठी होते. रस्ता हवा, मासे हवेत. आपल्याकडेही सांडव्याच्या तोंडाशी मासे अडवायला जाळी लावतात. ज्यांनी लावली असेल त्यांनी हे वाचून झाल्यावर काढून टाका.

मालकी आणि देखभाल वेगळी झाली की काय होतं, ते आपल्या विदर्भातही दिसलंय. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हजारो मालगुजारी तलाव आहेत. ज्यांनी बांधले, त्यांच्याच शेतीला ते पाणी द्यायचे, त्यामुळे पाळीकडे लक्ष असायचं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले. मालगुजारी जायलाच हवी होती, त्यावर माझं दुमत नाही. पण मालक बदलला तेव्हा पाळीवरून फेरी मारणारा माणूस कोण, हे गावपातळीवर ठरलं नाही. कित्येक तलाव गाळाने भरले, पाळी खचल्या.

आणि तिवरे तर ताजंच आहे. २ जुलै २०१९ ची रात्र, रत्नागिरी जिल्ह्यातला चिपळूण तालुका. मातीचं धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसच्या वर माणसं वाहून गेली. धरण सरकारी होतं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरलं, असं राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री म्हणाले आणि महाराष्ट्रभर टीका झाली. मातीच्या भरावाला खेकडे, उंदीर, घुशी बिळं पाडतात, हे खरंच आहे. पण बीळ बघणं आणि बुजवणं हे कोणाचं काम होतं, हा प्रश्न आहे. खेकडा काही करारावर सही करत नाही!

कायदा तुम्हाला सोडणार नाही

देशात धरण सुरक्षा कायदा २०२१ आहे. पण तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर. तुमची पाळ चार-पाच मीटरची. म्हणजे या कायद्याखाली तपासायला कोणी येणार नाही. हे ऐकून काही जण खूश होतात. मी म्हणतो, घाबरा. तपासायला कोणी येणार नाही याचा अर्थ तपासणारे तुम्ही एकटेच आहात.

आणि फुटल्यावर कायदा येतोच. इंग्लंडमध्ये जॉन रायलँड्स नावाच्या गिरणी मालकाने ठेकेदाराकडून तलाव बांधून घेतला. खाली जुन्या खाणीची भुयारं होती. ठेकेदाराने ती नीट बुजवली नाहीत आणि रायलँड्सला त्याचा पत्ताही नव्हता. १८६० मध्ये पाणी भुयारातून शेजारच्या फ्लेचरच्या खाणीत घुसलं. १८६८ ला अंतिम निकाल लागला. तुझी चूक असो नसो, धोकादायक वस्तू तू तुझ्या जमिनीवर आणून साठवलीस, ती सुटून नुकसान झालं तर भरपाई तुझीच. 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' म्हणून हा निकाल आजही भारतातल्या लॉ कॉलेजात शिकवतात आणि आपली कोर्टंही हे तत्त्व मानतात. म्हणजे "ठेकेदाराने खराब काम केलं" हे तुमचं उत्तर होऊ शकत नाही. माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा.

करारात या पाच ओळी पाहिजेत

आपल्याकडे असं होतं. जमीन काकांच्या नावावर, पाळ पुतण्याने टाकली, तलाव पुण्याच्या पार्टीला तीन वर्षं चालवायला दिला, बोटी तिसऱ्याच्या. पैसे वाटून घ्यायला चौघं. आणि रात्री दोन वाजता पाळ पाझरायला लागली तर फोन कोणाला करायचा? लीजचा करार करताना भाडं, डिपॉझिट, नूतनीकरण सगळं लिहितात. पाळीवर एक शब्द नसतो. म्हणून या ओळी वकिलाकडून नीट लिहून घ्या:

१. पाळ, सांडवा आणि पाणी सोडायचा पाईप यांचा जबाबदार माणूस कोण. एकच नाव आणि फोन नंबर. "दोघं मिळून" असं लिहू नका.

२. पाण्याची कमाल पातळी किती. दगडावर रंगाने खूण करा. बोटिंगसाठी पाणी वर पाहिजे म्हणून सांडव्यात पोती भरायची नाहीत, हे स्पष्ट लिहा.

३. देखभालीचा पैसा कुठून येणार. माझा आग्रह आहे, तिकिटाच्या दर शंभर रुपयांतले दहा वेगळ्या खात्यात. तो नफा नाही.

४. विमा कोण काढणार. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी घेताना पाळ फुटून खालच्या लोकांचं नुकसान झालं तर ते धरलंय का, हे एजंटला लेखी विचारा. फक्त पाहुण्याचा पाय घसरला एवढंच कव्हर असेल तर उपयोग नाही.

५. करार संपला किंवा जमीन विकली, तर पाळीचे नकाशे, फोटो आणि तपासणीची वही नव्या माणसाच्या हातात द्यायची आणि सही घ्यायची.

पाळ कशी हवी, आणि काय बघत राहायचं

मी इंजिनिअर नाही, धंदा शिकवतो. पण मालकाला एवढं कळलंच पाहिजे, नाहीतर ठेकेदार काहीही सांगेल.

आपली काळी माती पाणी चांगली धरते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अख्खी पाळ काळ्या मातीची केली तर पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांत शिरतं. म्हणून मध्ये काळ्या मातीचा गाभा आणि दोन्ही बाजूंना मुरूम, अशी रीत आहे. खाली घट्ट मुरूम लागेपर्यंत खंदक खोदून तिथून माती भरत आणायची. माती सहा ते नऊ इंचाच्या थरात, पाणी मारून, रोलरने दाबत. जेसीबीच्या बकेटने थापटलं म्हणजे दबाई झाली असं होत नाही. सांडवा पाळीच्या मध्ये नको, बाजूच्या कठीण जमिनीत हवा. पाळीतून जाणारा पाईप ही नाजूक जागा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा भराव खचला तो पाणी सोडायच्या मोरीच्याच भागात. म्हणून डिझाईन सिव्हिल इंजिनिअरकडून घ्या, सहीसकट.

नंतर रोजचं काम. पाळीवर झाडं वाढू देऊ नका, मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते. गवत चालेल, कापलेलं. बिळं मेच्या शेवटी बघून बुजवा. पावसाळ्यात रोज एक फेरी, मुसळधार पावसात दर तासाला. पाळीच्या खालच्या अंगाला ओल असेल आणि पाणी नितळ असेल तर लक्ष ठेवा, इंजिनिअरला बोलवा. पाणी गढूळ येत असेल, तर पाळीच्या आतली माती वाहून चालली आहे. त्या क्षणी पाहुण्यांना हलवायचं, खालच्या वस्तीला आणि तहसीलला फोन करायचा, आणि पाणी कमी करायला लागायचं. सकाळ होण्याची वाट बघायची नाही. हे सगळं तारीख टाकून एका वहीत लिहा.

"सर, एवढं केलं तर परवडेल का?"

हा खरा प्रश्न आहे, टाळणार नाही. कोणी म्हणेल, पाणी अडवल्याने विहिरींना पाणी वाढतं, सरकारच माती नाला बांध बांधतं, तुम्ही कशाला लोकांना घाबरवता? पाणी अडवलंच पाहिजे, पऱ्हाटीवर जगणाऱ्या भागात तर नक्कीच. पण माती नाला बांधाच्या काठावर तुम्ही तंबू लावून रात्री तीस माणसं झोपवत नाही. आणि बोटी चालाव्यात म्हणून पाणी कायम काठोकाठ ठेवत नाही. पाहुणे आले की धोक्याचा हिशोब बदलतो.

दुसरं म्हणणं, "नोंदणी सुरू झाली की आणखी एका टेबलावर चहा-पाणी द्यावं लागेल." ही भीती मला समजते. तरीही माझं मत आहे की पैसे घेऊन माणसं आणणारा प्रत्येक खाजगी तलाव ग्रामपंचायतीच्या एका साध्या रजिस्टरमध्ये नोंदवलेला असावा. पाळीची उंची, पाणी किती, जबाबदार माणूस कोण, खाली किती घरं. चार रकाने. खाली राहणाऱ्याला एवढं कळण्याचा हक्क आहे, कारण धंदा तुमचा असला तरी जीव त्याचा आहे.

आणि परवडण्याचं उत्तर सरळ आहे. पाळीच्या खाली घरं असतील, तर नाला अडवूच नका. त्याच पैशात बाजूला अर्ध्या एकराचं तळं जमिनीखाली खोदा, नाल्यावर पाळ न टाकता. बोट तिथेही चालते, फोटो तिथेही छान येतो. पाणी थोडं कमी दिसेल, झोप जास्त लागेल. आणि खाली वस्ती नसेल, तरी इंजिनिअर, सांडवा, विमा आणि देखभालीचा दहावा हिस्सा धरून गणित जमत नसेल, तर तो धंदा परवडतच नाही. आज नफा दिसतोय तो खालच्या वावरातल्या माणसाने न विचारता उचललेल्या धोक्याचा पैसा आहे.

तर मित्रांनो, या आठवड्याचा गृहपाठ. ज्यांचा तलाव आहे त्यांनी एका कोऱ्या कागदावर एवढंच लिहा: "ही पाळ माझी आहे." खाली सही करा, तारीख टाका, आणि तो कागद भागीदारांना, लीज घेणाऱ्याला, घरच्यांना दाखवा. सही करताना हात अडखळला, तर जूनच्या आधी पाणी उतरवा. बोटींचं बुकिंग नंतर बघू.